चार बोटांच्या गोवऱ्या

माझा मुलगा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. सुट्टीत घरी आला, की कुणाला तरी शिकवल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे, आणि घरात ऐकायला मीच सापडायची. संध्याकाळी मी भाकरी करायला लागले, की तो ओट्याजवळ स्टूल ओढून बसे आणि सुरू होई. एकदा तो मला देश कशावर चालतो ते समजावून सांगत होता. मोटारी-आगगाड्यांना तेल लागतं, विजेला कोळसा लागतो, हे झाल्यावर हात हवेत फिरवून म्हणाला, "बाकी उरली ती सगळी नुसती उष्णता, आई. स्वयंपाक, अंघोळीचं पाणी, वीटभट्ट्या, गुऱ्हाळं, कारखान्यांचे बॉयलर. त्यातलं तुमच्या वेळचं कितीतरी कधी मोजलंच गेलं नाही. जे बाजारात विकलं जात नाही, त्याचा हिशेब कोण ठेवणार?"

"म्हणजे गोवऱ्या?" मी विचारलं.

"गोवऱ्या, काटक्या, पालापाचोळा. कोण थापतं, कुणासाठी थापतं, कुणाला ठाऊक?"

मला ठाऊक होतं. प्रत्येक गोवरीवर थापणारीचा पंजा उमटलेला असतो, आणि त्यातला एक पंजा मी अजूनही कुठेही ओळखीन. त्याला चार बोटं होती. पण मुलाला त्यातलं काही सांगितलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हटलं, पुढे सांग.

माझं माहेर नेवाशाकडचं, प्रवरेच्या काठचं. उसाचा मुलूख. वडील गुऱ्हाळावर चुलवाण सांभाळायचे. चुलवाण म्हणजे रस आटवायच्या मोठ्या काहिलीखालची भट्टी. चरकातून पिळून निघालेला ऊस उन्हात वाळवला की त्याची चिपाडं होतात, आणि ती चिपाडं वडील दिवसभर त्या भट्टीच्या तोंडात सारत असत. जाळ असा भडकायचा की लांब उभं राहिलं तरी गाल तापायचे. आम्हा बहिणींना जळण जपून वापरतात हेच माहीत नव्हतं. चिपाडं होती, पाचट होतं, पुरात वाहून आलेली लाकडं होती. मूठभर शेंगा भाजायच्या तरी आई चुलीत भारा कोंबायची.

असल्या घरातून मी लग्न होऊन पारनेर तालुक्यातल्या एका कोरड्या गावात आले. घरात चारच माणसं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, माझा नवरा, मी, आणि मामंजींची थोरली बहीण. त्यांना सगळं गाव आक्का म्हणे, मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई लहान वयात विधवा झाल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, आणि तेव्हापासून भावाच्या घरी होत्या. माझ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळे चूल आत्याबाईंच्या हातात होती.

पहिल्याच सकाळी मी चहा ठेवायला बसले आणि माहेरच्या हातानं चुलीत गोवऱ्या भरल्या. जाळ छपराला लागतो की काय असा उठला. आत्याबाई उंबऱ्यात बसून दाताला मिश्री लावत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "पोरी, आख्खं गाव जेवाया बोलीवलंय व्हय?"

मला इतकं हसू आलं की चहा उतू गेला. मग त्या उठल्या, अर्ध्या गोवऱ्या बाहेर ओढून विझवल्या आणि उरलेल्या मोडून एकमेकींना टेकवून ठेवल्या. "ह्यो तुज्या बापाचा जाळ न्हाई," त्या म्हणाल्या. "ही ऊब हाय. जाळ डोळ्याला दिसतो. ऊब दिसत न्हाई, पर दिसभर पुरती."

मग त्यांनी मला शिकवलं. भाकरीला किती, डाळीला किती. भाकरी झाल्यावर निखारा राखेत कसा पुरून ठेवायचा, म्हणजे संध्याकाळी काडी ओढावी लागत नाही. त्याच निखाऱ्यावर दूध कसं सायीला लावायचं, आणि उरलेल्या उबेला पाण्याचा हंडा कसा टेकवायचा. एका गोवरीत त्या एवढी कामं करून घ्यायच्या, की मला वाटे, मीही बहुधा पुढच्या जन्मी गोवरी होऊन यांच्या हाती लागणार आणि माझ्याकडूनही अशीच वसुली होणार.

त्यांच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. लहानपणी कडब्याच्या पेंढीत हात घातला तेव्हा काहीतरी डसलं, आणि त्यांच्या बापानं जागच्या जागी विळ्यानं बोट उडवलं. जीव वाचला. त्यामुळे त्यांची भाकरी चार बोटांची, आणि गोवरीही चार बोटांची. मी आल्यावर शेणाचं काम माझ्याकडे आलं. घरच्या गोवऱ्या मी थापायची, पाच बोटांच्या. आत्याबाई मात्र माझं आटपलं की पाटीच्या तळाचं शेण घेऊन शेवटच्या थोड्या गोवऱ्या स्वतः थापत. त्या वेगळ्या वाळत, वेगळ्या उचलल्या जात, आणि गोठ्यामागच्या हुडव्यात जात.

हुडवा म्हणजे गोवऱ्यांचा रचून वरून शेणानं लिंपलेला ढीग. घरच्या गोवऱ्यांचा आमचा एक होताच. हा दुसरा त्यांचा एकटीचा होता. माझ्या डोक्याहून उंच, वरून निमुळता, पावसानं भिजू नये म्हणून दरसाल लिंपलेला. मागे काटेरी कुंपणाच्या बाजूला हात जाईल एवढं तोंड होतं, त्यावर चपटा दगड. मी नवी होते, विचारलं, "ह्या कशाला ठेवल्यात?"

"माझ्या सरनाला," त्या म्हणाल्या. जसं कुणी म्हणावं, की ही डाळ सणाला ठेवलीय.

मला कसंसंच झालं. त्यांना त्यात काही वाटत नव्हतं. "जिती हाय तवर भावाचं खाल्लं," त्या म्हणाल्या. "मेल्यावर त्याचं जळन नगं मला. दुसऱ्याच्या हातची एक गोवरी माझ्या अंगावर नगं. माझी मी जाईन."

त्या बाईच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हतं, अंगावर मणी नव्हता. एवढा एक हुडवा होता. दुपारी त्याच्या सावलीला त्या बसायच्या आणि त्याच्या लिंपणावरून हात फिरवायच्या. मामंजीही त्या ढिगाला हात लावत नसत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याआधीची वर्षंही धड नव्हती, पण त्या साली पावसानं तोंडच दाखवलं नाही. लोक आठवणी काढतात त्या पाण्याच्या आणि धान्याच्या. पाणी टँकरनं यायचं, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, यायचा, पोरांना सुकडी मिळायची. सगळं आठवतं. पण तो मिलो शिजवायचा कशावर, हे कुणी विचारलं नाही. धान्य सरकारनं दिलं, जळण कुणी दिलं नाही. मला आजही त्याचा राग येतो. चावडीवरच्या रेडिओवर धरणांच्या आणि विजेच्या गोष्टी चालायच्या, आणि आमच्या गावच्या बायका तिकडे ज्वारीची धसकटं खणून काढलेल्या रानात पुन्हा एकदा धसकटं शोधायच्या.

आमचे बैल आणि गाय नवरा गुरांच्या छावणीत घेऊन गेला, दूर, नदीकाठच्या मुलखात, आणि त्यांच्याबरोबर तिथंच राहिला. जनावरं गेली म्हणजे शेण गेलं. आमच्या बैलांचं शेण तिथं परक्याच्या उसाला खत होत होतं, आणि इथे माझ्या पाटीत काही नव्हतं. घरचा हुडवा दिवाळीआधीच संपला. तुराट्या नाहीत, कारण तूरच नाही. कुंपणाचे काटे लोकांनी जाळले, पडवीवरचं जुनं गवत जाळलं. रॉकेल चिमणीपुरतं मिळे. माहेराहून चिपाडं आणावीत म्हटलं, तर त्या वर्षी गुऱ्हाळं लागलीच नाहीत. होता तो ऊस वैरण म्हणून छावण्यांत गेला. आम्ही एक वेळ चूल पेटवायचो आणि दोन्ही वेळचं त्यावरच भागवायचो.

मला दिवस गेले होते. तरी मामंजींबरोबर मी पाझर तलावाच्या कामावर मुरुमाच्या पाट्या वाहायला जायची. सगळ्याच बाया जायच्या, त्यात विशेष काही नव्हतं. संक्रांत झाली की वडील मला बाळंतपणाला न्यायला येणार होते. पण पौषात, ऐन थंडीत, कामावरून घरी आले त्या दुपारी पोटात कळ आली आणि संध्याकाळच्या आत पोर झाली. दिवस भरायच्या कितीतरी आधी.

मुलगी होती. एवढीशी, की सुईणीनं तिला धरलं तेव्हा सुईणीचा हातच मोठा दिसत होता. रडली नाही, कुरकुरली. सुईण म्हणाली, "हिला ऊब पायजेल. रातंदिस. ऊब तुटली का पोर गेली."

पारनेरचा माळ उघडा. पौषातला वारा दाराच्या फटीतून सुरीसारखा आत येतो. आत्याबाईंनी पोरीला कापसात गुंडाळलं, माझ्या लुगड्याच्या घडीत ठेवलं, आणि माझ्या बाजेखाली शेगडी सारली. शेगडीत राखेनं झाकलेला गोवऱ्यांचा विस्तव. बाळंतिणीला शेक देतात तो तासा-दोन तासांचा असतो. ही शेगडी विझली नाही. अंधाऱ्या खोलीत मी आडवी, पोर छातीशी, आणि खालून सुतळीच्या विणीतून येणारी ती मंद ऊब. पोरीचे तळपाय माझ्या पोटाला लागायचे. ते गार झाले की मी हाक मारायची, आणि आत्याबाई पदरात गोवरी घेऊन यायच्या.

"कुठनं आनता?" मी विचारायची.

"हुत्या माळ्यावर."

मी विश्वास ठेवला. बाळंतीण बाई, तिला दुसरं काय सुचणार? पोर कापसाच्या बोळ्यातून दूध चोखायला लागली होती. एकदा तिनं माझं बोट धरलं. बारावा दिवस आला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "बारसं नगं इतक्यात. अंग धरू दे, बाप यिऊ दे, मग नाव ठिवू." मी मनातल्या मनात नाव ठरवून ठेवलं होतं. ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

मी उठायला लागल्यावर एका सकाळी आत्याबाई पाण्याच्या टँकरवर गेल्या होत्या. शेगडी मंदावली म्हणून मीच कोपऱ्यातल्या टोपलीतली गोवरी घेतली. मोडायला दोन्ही हातांत धरली आणि माझा हात थांबला. त्यावर चार बोटं होती. दुसरी घेतली, चार बोटं. सगळ्या टोपलीत पाच बोटांची एकही नव्हती.

पोरीला पदराखाली घेऊन मी तशीच गोठ्यामागे गेले. हुडवा होता तसा उभा होता, लिंपण जागच्या जागी, एक भेग नाही. मागचा दगड सारला आणि आत हात घातला. कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, कशाला लागला नाही. आतून सगळा पोखरला होता. नुसतं कवच उभं होतं.

आत्याबाई हंडा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. मोठ्या माणसावर आयुष्यात पहिल्यांदा. "तुमच्या सरनाच्या गोवऱ्या! तुमी इतक्या वर्सांच्या... आता तुमचं काय?"

त्यांनी हंडा खाली ठेवला. दम खाल्ला. "वरडू नगंस, पोर दचकती," म्हणाल्या. मग माझ्या पदराखाली हात घालून तिचे पाय चाचपले. "मेल्यावर थंडी वाजत न्हाई, बाय. हिला वाजतीया."

मी रडत तिथंच बसले. त्या आत गेल्या आणि शेगडीत गोवरी घातली.

वाचायला हवी होती ती. एवढं सगळं झाल्यावर देवानं ती ठेवायला हवी होती, असं मला तेव्हा वाटलं आणि म्हातारपणीही वाटतं. देवाशी माझं त्यावरून अजून मिटलेलं नाही. थंडी सरत आली होती, उन्हं तापायला लागली होती, मला वाटलं आता निभावलं. एका सकाळी मी तिला पाजायला घेतली तर तिनं तोंड उघडलं नाही. तळपाय चाचपले. ते गरम होते. शेगडीमुळे गरम होते. म्हणून मला बराच वेळ कळलंच नाही.

एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. मामंजींनी तिला पंच्यात गुंडाळून हातावर घेतलं आणि ओढ्याकडे गेले. पुढे विस्तव धरायला माणूस नाही, मागे जळणाची गाडी नाही. तिला एक गोवरी लागली नाही. ते मला सहन झालं नाही. जिच्यासाठी सगळं जळलं, तिला शेवटी जळणच नको होतं. मी घरात आले आणि बाजेखालच्या शेगडीला लाथ मारली. निखारे खोलीभर पसरले.

आत्याबाई पुढे झाल्या. वाकून चिमट्यानं एकेक निखारा गोळा केला, चुलीत नेऊन ठेवला, आणि त्यावर मिलोच्या कण्यांचं भांडं चढवलं. माझ्या पोरीचा विस्तव, आणि त्यावर कण्या शिजत होत्या. मला त्यांचा असा राग आला की त्यांचं तोंड बघवेना. शेजारणीनं जेवण आणायचं असतं अशा दिवशी, पण शेजारणीकडे तरी जळण कुठे होतं? आत्याबाईंनी ताटली माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "थंडीनं न्हाई गेली ती. येवढं ध्यानात ठिव. ऊबंत गेली." मग त्यांचाही धीर सुटला आणि आम्ही दोघी ताटलीभोवती बसून रडलो. कण्या गार झाल्या. त्या आम्ही नंतर खाल्ल्या, कारण पुन्हा गरम करायला काही नव्हतं.

पुढच्या साली पाऊस झाला. एक बैल छावणीतच दगावला होता. दुसरा आणि गाय घेऊन नवरा परत आला. तो पोरीला बघायला आला नव्हता, त्याला निरोपच उशिरा पोचला. त्याविषयी आम्ही दोघं कधी बोललो नाही. बोलायचं काय, हेच दोघांना कळलं नाही.

गोठ्यात पुन्हा शेण दिसायला लागलं. पण आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि गुडघे धरले होते. एकदा त्या पाटी घेऊन बसल्या, शेण कालवलं, आणि पहिल्याच गोवरीला हात कापायला लागला. पाटी सारून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." हुडव्याजवळ त्या अजून रोज जायच्या, लिंपण चाचपायच्या. तो पोकळ आहे हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. मामंजी मात्र कुणी पाहुणा आला की सांगायचे, आमच्या आक्कानं आपली सोय आपण करून ठेवलीय. तेव्हा त्या खाली बघायच्या. त्यांचं ते खाली बघणं मला बघवत नसे.

दुसऱ्याच्या हातची गोवरी त्यांना नको होती. मग मी काय करणार? घरच्या गोवऱ्या झाल्या की गोठ्याच्या मागल्या भिंतीशी जायची, करंगळी तळव्यात मुडपायची आणि चार बोटांनी थापायची. सोपं नाही ते. करंगळी मध्येच सुटते आणि पाचवा वळ उमटतो. उमटला की ती गोवरी मी पुसून पुन्हा थापायची. वाळल्या की मागच्या तोंडातून हुडव्यात सारायच्या. नवऱ्याला कळलं नाही, मामंजींना कळलं नाही. गोवऱ्यांकडे पुरुष बघतच नाहीत. माझ्या पोरीवर जे खर्च झालं, ते मला परत त्या ढिगात भरायचं होतं. पोर मला ठेवता आली नव्हती, निदान एवढं तरी मला करायचं होतं.

एका सकाळी मी थापत असताना आत्याबाई भिंत धरत धरत तिथे आल्या. त्यांना माझ्या बांगड्यांचा आवाज आला असणार. मी हात मागे घेतला. त्यांनी भिंतीवरच्या ओल्या गोवरीवर आपला पंजा ठेवला. चार बोटं चार वळांत बसली. पाचवा वळ त्या शोधत होत्या, तो नव्हता. शेजारच्या गोवरीवर हात ठेवला. मग तिच्या शेजारच्या. मी श्वास रोखून उभी. वाटलं, आता रागावतील, म्हणतील, दुसऱ्याच्या हातची नगं.

"करंगळी दुखंल की गं," त्या म्हणाल्या.

"दुखत न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी माझं मनगट चाचपलं. मग म्हणाल्या, "बांगड्या वर सारत जा. शेन अडकतंया." आणि भिंत धरत परत गेल्या. त्या दिवसानंतर दुपारी त्या हुडव्याच्या सावलीला पुन्हा बसायला लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. आजार असा नव्हता, खाणं सुटलं आणि दोन-चार दिवसांत संपल्या. हुडवा मला पुरता भरता आला नव्हता, वरचा भाग पोकळच होता, त्यात थोडी बाभळीची लाकडं घालावी लागली. बायका स्मशानात जात नाहीत. मी दारातून गाडी भरताना बघत होते. हुडवा फोडला तेव्हा मामंजींनी पहिली गोवरी हातात घेतली. गोवरीकडे कधी न बघणारा तो माणूस त्या दिवशी मात्र तिच्याकडे बघत राहिला. तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "बघा. आक्काच्या हातच्या हायेत. कुनाची एक घेतली न्हाई तिनं."

लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. गाडी निघाली आणि वळणावरून दिसेनाशी झाली. त्या दिवशी रिवाजाप्रमाणे आमची चूल पेटली नाही. राखेतला निखारा कुणी झाकला नाही आणि तो आपोआप विझला. संध्याकाळी मी त्या गार राखेत हात घालून बसले होते. माझी पोर गेली त्या दिवशी रडले होते, त्याहून जास्त त्या दिवशी रडले, कारण आता ती होती हे माझ्याइतकं जाणणारं कुणी उरलं नव्हतं.

त्यानंतर मुलगा झाला. पुढे आम्ही नगरला आलो, आधी स्टोव्ह आला, मग गॅस आला. चूल गेली, गोवऱ्या गेल्या. हा अर्थशास्त्र शिकवणारा मुलगा स्वतःला माझं पहिलं मूल समजतो, आणि मी त्याला तसं समजू दिलं.

त्या संध्याकाळी तो बिगरबाजारी इंधनाचं सगळं सांगून दमला आणि माझ्या हाताकडे बघत बसला. मी परातीत भाकरी थापत होते. "आई," तो म्हणाला, "तू भाकरी थापताना करंगळी अशी आत का मुडपतेस? दुखते का?"

"दुखत नाही," मी म्हणाले. आत्याबाईंनाही मी हेच सांगितलं होतं, आणि तेव्हाही ते खरं नव्हतं.